अण्णांची जीभ

"आण पुढं," अण्णा म्हणाले.

मी पितळी ताटली त्यांच्यासमोर धरली. ताटलीत बचनागाचा एक तुकडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. अण्णांनी तो चिमट्यानं उचलला, जिभेच्या शेंड्यावर ठेवला, तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघत बसले. नेहमी तसेच बघायचे. बाहेर कट्ट्यावर बसलेली सात-आठ माणसं गप्प झाली. खोकला आलेला एकजण तोंडावर पंचा दाबून बसला होता.

माझ्या कमरेत पहाटेपासून उसण भरली होती. ताटली मी पाटाशेजारी ठेवली आणि आत वळले.

मागं अण्णा पिकदाणीत थुंकले, दुधानं चूळ भरली, आणि म्हणाले, "झालं."

कट्ट्यावरची माणसं हलली. कुणीतरी म्हणालं, "अण्णांच्या जिभेनं सांगितलं, म्हणजे झालंच." मी चुलीपुढं उभी होते. हातातली पळी तशीच राहिली. कारण ते झालं नव्हतं, आणि हे मला माहीत होतं.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालातली, गडहिंग्लजची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आता बहात्तर चालू आहे. अण्णा म्हणजे माझे सासरे, गुरुसिद्ध स्वामी. आम्ही जंगम. घरात तीन पिढ्यांची वैद्यकी. माझे मालक एसटीत कंडक्टर, एक दिवस घरी आणि दोन दिवस कुठल्यातरी डेपोत मुक्कामाला. वैद्यकी त्यांनी धरली नाही. म्हणायचे, "तिकिटं फाडलेली बरी, निदान त्यानं कुणी मरत नाही." सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात बाईमाणूस मी एकटी, आणि औषधशाळेतला गडीही मीच. नाव मोठं, औषधशाळा. होती एक पडवी, दोन खल, चार मडकी आणि बरण्यांची एक मांडणी.

बचनाग हिमालयात उगवतो. मी काही हिमालय बघितला नाही, पण त्याचं विष मात्र माझ्या परसात शिजलं. बेळगावच्या काष्ठौषधीच्या दुकानातून गोणपाटाच्या पिशवीत यायचा. दिसायला काही नाही. सुकलेल्या मुळ्याच्या शेंड्यासारखा, काळपट, बोटभर. अण्णा सांगायचे, तिकडे त्याला निळी फुलं येतात, बघत राहावं अशी, आणि खणणारी माणसं नाकातोंडाला फडकं बांधून खणतात. कच्चा खाल्ला तर माणूस दुसरा दिवस बघत नाही. पण शुद्ध करून, इतर औषधात मोजून घातला तर ताप उतरवतो. आमच्या तापाच्या गोळीत तो सातातला एक भाग असायचा. आमच्याकडे लोक यायचे ते त्या गोळीसाठीच.

शुद्ध करायचं म्हणजे काय, तर माझी पाठ मोडायची. त्याचे तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात भिजत घालायचे, उन्हात. रोज जुनं ओतून द्यायचं, नवं घालायचं. त्यासाठी पहाटे शेजारच्या गोठ्यात गाईच्या मागं तांब्या धरून उभं राहायचं. गाय काय आपल्या हुकमात नसते. कधी पाच मिनिटांत काम, कधी तासभर. चौथ्या दिवशी तुकडे धुवायचे, फडक्यात बांधायचे, मडक्याच्या तोंडावर आडवी काठी ठेवून तिला ती पुरचुंडी टांगायची आणि खाली दुधात लोंबती ठेवून तीन तास शिजवायची. ते दूध परसात खड्डा काढून पुरायचं. कुत्र्यामांजराला लागलं तरी पाप. हे सगळं झालं की एक तुकडा अण्णांसमोर.

आणि अण्णांची जीभ. ती अख्ख्या पेठेला माहीत होती. बचनागात विष उरलं असेल तर जिभेला मुंग्या येतात, मग ती बधिर होते. शुद्ध असेल तर काही नाही. अण्णा तुकडा ठेवायचे, शंभरापर्यंत मोजायचे आणि एक तर म्हणायचे "झालं", नाहीतर "अजून एक दिवस". त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी दोनदा म्हणाले होते, "अजून एक दिवस". दोन्ही वेळा माझ्या हातून खरंच कमी शिजलं होतं. तेव्हापासून मीही मानायला लागले. वयानं आणि साखरेच्या दुखण्यानं त्यांचे पाय सुन्न व्हायचे, चप्पल कधी निसटली ते कळायचं नाही, पण जीभ म्हणजे जीभ.

त्या वर्षी माघात तापाची साथ आली. घरटी एक आजारी. गोळ्या संपल्या आणि लोक कट्ट्यावर येऊन बसायला लागले. आणि माझं असं झालेलं, दोन महिन्यांपूर्वी माझं एक मूल पोटातच गेलं होतं. पाचवा महिना होता. त्यातून अंग सावरलंच नव्हतं. बाजेवर पडावं आणि कुणी उठवू नये असं वाटायचं. पण उठवणारे फार होते.

पहिले दोन दिवस मी सगळं नीट केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेले तर गाय नव्हती, शेजाऱ्यांनी गाभण राहावी म्हणून कडगावला नेली होती. दुसरी गाय नदीकडच्या वस्तीत, वीस मिनिटांची चाल. मी तांब्या घेऊन परसातल्या धुण्याच्या दगडावर बसले. उठवेना. मनात म्हटलं, कालचंच राहू दे, एका दिवसानं काय होतंय. चौथ्या दिवशी दूध अर्धंच मिळालं, लाकडं ओली, धुरानं डोळे चुरचुरायला लागले. तीन तासांऐवजी तासाभरात मी मडकं उतरवलं. आणि मला काही अपराध करतोय असं वाटलंच नाही, हे सांगते. कारण अण्णांची जीभ होती. ते म्हणतील, "अजून एक दिवस," मग उद्या करू पुरं. मला फक्त तो एक दिवस झोपायला पाहिजे होता.

आणि अण्णा म्हणाले, "झालं."

तेव्हा बोलायचं होतं. पळी खाली ठेवायची, बाहेर जायचं आणि म्हणायचं, अण्णा, माझ्याकडून राहिलंय. चार शब्द. पण बाहेर माणसं बसलेली, आणि मी कोण? ज्या जिभेनं माझी चूक दोनदा पकडली ती तिसऱ्यांदा का नाही पकडणार? मी मनाची समजूत घातली की एक दिवस कमी झाला तरी चालत असेल, म्हणजे इतकी वर्षं मी उगाच राबले. खरं सांगू? मला राग आला. विष राहिलं असेल अशी भीती नाही वाटली, राग आला.

मग दोन दिवस खल चालला. सुंठ, मिरी, पिंपळी, हिंगूळ, टाकणखार, सगळं वस्त्रगाळ करून आल्याच्या रसात घोटायचं. घोटता घोटता माझ्या खांद्याचं पाणी झालं. गोळ्या वळून सुपात वाळवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास अण्णा आंघोळ आणि लिंगपूजा उरकून, कपाळाला भस्म लावून पडवीत येऊन बसले.

आमच्या घराची एक रीत होती. नवी गोळी रोग्याला द्यायच्या आधी वैद्यानं खायची. तीही एक नाही. "रोग्याला एक, वैद्याला चार," असं अण्णांचे आजोबा म्हणायचे. चार गोळ्या मधातून घ्यायच्या आणि अर्धा तास लोकांदेखत बसून राहायचं. मग वाटप. लोकांना त्याची सवय झालेली. कोण तंबाखू मळायचं, कोण पाऊसपाण्याचं बोलायचं, आणि मधूनमधून सगळे अण्णांकडे बघायचे.

अण्णांनी चार गोळ्या घेतल्या. मी आत येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तेवढ्यात परसाच्या दारात हलीमा आली. पिंजाऱ्याची सून, माझ्याच वयाची. तिचा नवरा पावसाळा संपला की गाद्या पिंजायला गावोगाव फिरायचा. डोक्यावरचा पदर सुटलेला, धावत आलेली.

"वैनी, अण्णांनी घेतली?"

"घेतली. आत्ताच."

"मग मला द्या की. पोराला एकटं टाकून आलोय. रात्रीपास्नं अंग तापलंय नुसतं, आता डोळं फिरवाय लागलंय."

"अर्धा तास थांब की. रीत आहे."

"आवो, कसली रीत? अण्णांनी जिभंवर ठेवलेलं झालं, तोंडात घातलेलं झालं. आता काय ऱ्हायलंय?" तिनं माझा पिठाचा हात धरला. "वैनी, तुमचं गेलं तवा मी आलतो न्हवं? माझं जाऊ देऊ नका."

ती आली होती. त्या दिवशी माझी चादर तिनं धुतली होती, कुणाला न सांगता. तिच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बायका दारातून विचारपूस करून गेल्या, आणि ही आत येऊन चादर घेऊन गेली. मी तिला नाही म्हणू शकले नाही. सुपातून दोन गोळ्या घेतल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या.

"मधात उगाळून दे. अर्धी आत्ता, अर्धी संध्याकाळी."

ती गेली. पुडी बांधताना माझी बोटं जरा थांबली होती, एवढं मला आठवतं. पण दिली मी.

भाकरी थापायला घेतली तर बाहेरून हाक आली, "निला."

अण्णा मला कधी हाक मारायचे नाहीत. काठी जमिनीवर आपटायचे, मी जायचे. मी पिठाच्या हातानं बाहेर गेले. ते उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत होते. बोटं उघडत होते, मिटत होते.

"मुंग्या आल्यात," ते म्हणाले.

"साखरेच्या असतील. पायाला येतात तशा."

"नाही." त्यांच्या कपाळावर भस्मातून घाम उतरत होता. "ह्या त्या नव्हेत. कोपरापर्यंत चढल्यात."

मी विचारलं, "आणि जिभेला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "कुणाला दिलीस का?"

"हलीमाला. आत्ताच."

"पळ."

"अण्णा, तुम्ही..."

"मला काय होतंय ते मला माहीत आहे. लेकरू आहे ते. पळ म्हणतो ना."

कट्ट्यावरच्या माणसांना मी ओरडून सांगितलं की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा, आणि पळाले. लुगडं पायात येत होतं. पेठेतून, सोनाराच्या दुकानावरून, मारुतीच्या देवळामागच्या बोळातून. जंगमाची सून डोक्यावर पदर नसताना पळतेय म्हणून लोक दुकानातून उठून बघत होते. कमरेतली उसण कुठं गेली देव जाणे. माझ्या डोक्यात एकच होतं, ती उगाळायला किती वेळ घेईल? एक गोळी, मध, सहाण. हात चलाख होता तिचा.

मी तिच्या दारात पोचले तेव्हा ती चुलीपाशी मांडी घालून बसली होती. पोरगं मांडीवर, मान मागं टाकलेली. चार वर्षांचा होता तो, उस्मान. तिचं बोट मधानं माखलेलं आणि ते त्याच्या ओठांना लागलेलं.

मी तिच्या हातावर फटका मारला. सहाण उलटली, मध चुलीपुढच्या राखेत गेला. मी पोराचा जबडा धरला आणि पदरानं त्याचे ओठ पुसले, जीभ पुसली, पुन्हा पुसली. तो एवढ्या मोठ्यानं रडला की शेजारच्या बायका धावत आल्या.

"काय झालं वैनी?" हलीमा ओरडली. "काय केलासा?"

"गेलं का पोटात? गिळलं का त्यानं?"

"न्हाई अजून. आताच लावलंतं. पर काय झालं?"

मला सांगता येईना. दम लागला होता हे खरं, पण दमामुळं नव्हे. काय सांगायचं? मी उरलेली पुडी उचलली, म्हटलं, "हे देऊ नकोस. दवाखान्यात ने त्याला, आत्ताच्या आत्ता," आणि निघाले. मागून एक बाई म्हणालेली ऐकली, "पिंजाऱ्याचं पोर म्हणून तोंडातलं काढून घेतलं बघ." हलीमानं पोराला छातीशी ओढलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात दोघं एकाच दिवशी दाखल झाले, एका खोलीत अण्णा आणि पलीकडच्या खोलीत उस्मान. उस्मानचा ताप इंजेक्शनांनी दुसऱ्या दिवशी उतरला. मध त्याच्या पोटात गेलाच नव्हता. अण्णांचं अवघड होतं. उलट्या झाल्या, हातपाय लुळे पडले, नाडी मध्येच थांबायची आणि मग दोन ठोके एकदम टाकायची. डॉक्टर तरुण होते, बिचारे दोन दिवस त्यांच्या उशापासून हलले नाहीत. माझे मालक बेळगावहून आले, आणि मला एक शब्द न विचारता बाकावर बसून राहिले. गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, अण्णांना वयानं झटका आला. दोन, निलानं पिंजाऱ्याच्या पोराला औषध देऊन परत हिसकावून घेतलं. गाव कसं असतं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा शुद्धीवर नीट बोलायला लागले. मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "मीठ घातलंयस का हिच्यात?"

"घातलंय."

"मला कळत नाही."

"आजारपणात तोंडाची चव जाते अण्णा."

"तीन वर्षं झाली, निला."

मी चमचा वाटीत ठेवला.

"आधी शेंड्याची गेली. मग सगळीच. कढत चहानं जीभ सोलून निघते, आणि आरशात बघितल्यावर कळतं." ते छताकडे बघत बोलत होते. "डॉक्टर साखरेमुळं म्हणतोय. मी म्हणतो चाळीस वर्षं बचनाग चाखला त्यानं. कशानं का असेना, मेली ती."

"मग झालं म्हणायचात ते कसं?" माझा आवाज चढला. "शंभरापर्यंत काय मोजायचात?"

"तुझ्याकडे बघायचो."

मला काही समजेना.

"तुला ठाऊक नाही," ते म्हणाले. "काम पुरं झालेलं असलं की तू ताटली ठेवतेस आणि सरळ आत वळतेस. कमी असलं की उभी राहतेस. पदराचं टोक बोटाला गुंडाळतेस. तू आलीस त्या वर्षी दोन्ही वेळा मी जिभेनं ओळखलं. तेव्हा होती जीभ. पण तेव्हाच हेही बघून ठेवलं होतं. पुढं जीभ गेली, तू राहिलीस. तीन वर्षांत एकदाही चुकलं नाही. तुझ्यासारखं काम करणारं मी माणूस बघितलं नाही."

"त्या दिवशी मी आत वळले," मी म्हटलं.

"वळलीस."

"माझी कंबर धरली होती अण्णा. उभं राहवत नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. कडगावला नेलेली गाय, धुण्याचा दगड, तासाभरात उतरवलेलं मडकं. ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि मला माझीच चीड आली, कारण ते पाणी त्यांच्यासाठी नव्हतं, मी किती दमलेय ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते म्हणून होतं.

"मला वाटलं तुमची जीभ आहे," मी म्हटलं.

"मला वाटलं तू आहेस," अण्णा म्हणाले.

पेजेवर साय धरली. पलीकडच्या खोलीतून उस्मान त्याच्या आईकडे बिस्कीट मागत होता ते ऐकू येत होतं.

आठ दिवसांनी अण्णा घरी आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्या गोळ्या आणि बचनागाची उरलेली पिशवी परसात खोल खड्ड्यात पुरायला लावली, वर चुना टाकायला लावला. मग काठी घेतली आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"हलीमाकडं."

ती चाल मला त्या दिवशीच्या धावण्यापेक्षा लांब वाटली. दर दहा पावलांना ते थांबायचे. लोक नमस्कार करायचे, मागं यायचे. बोळात पोचलो तेव्हा पंधरा-वीस माणसं झाली होती. हलीमा दारात आली. अण्णा आत गेले नाहीत. बोळातच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, माझी जीभ मेलीय. तीन वर्षं मी लोकांना फसवत होतो. विष राहिलेलं औषध मी चांगलं म्हणून दिलं. हिला ते कळलं, म्हणून ही धावत आली. तुझं पोर हिनं वाचवलं. दोष कुणाला द्यायचा तर मला दे."

वैद्य गुरुसिद्ध स्वामी पिंजाऱ्याच्या दारात हात जोडून उभे होते. मी त्यांच्या मागं. मी वाट बघत होते की ते पुढचं सांगतील. ते बोलले नाहीत. मग मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हलीमा पुढं आली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "वैनी, मी काय काय बोललो तुमास्नी मनात. मला माफ करा वैनी." पोराला ओढून आणलं आणि माझ्या पायांवर घातलं.

मी तोंड मिटलं.

परतताना मी विचारलं, "माझं का नाही सांगितलंत?"

"माझे दिवस किती राहिले? मला कोण काय बोलणार, आणि कितीसं?" ते काठीवर भार देऊन थांबले. "तुला अजून चाळीस-पन्नास वर्षं ह्याच गावात पाणी भरायचंय. विषारी हाताची बाई म्हणून नको भरूस."

"ते बरोबर नाही अण्णा."

"नाही," ते म्हणाले. "पण माझी जीभ मेली हे लपवायला मी तुझा चेहरा वापरला, तुला न विचारता. आता माझं तोंड तू वापर. फिटलं."

त्यांच्या मते फिटलं. दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर आमच्या घरात बचनाग आला नाही, गोळीही वळली नाही. खलात मी आता चटणी वाटते.

अण्णांनी माझ्यावर उपकार केला असं मी फार वर्षं समजत होते. आता तसं वाटत नाही. त्यांनी चार लोकांत सांगून टाकलं, मोकळे झाले, झोपेत शांत गेले. मला मात्र ठेवून गेले. त्या वर्षीपासून दर ईदला हलीमाकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, पहिला, घरच्यांच्याही आधी. माझी दोन मुलं पुढं नीट झाली, दोन्ही बाळंतपणांत ती उशाशी होती. लोकांना सांगायची, "माझ्या उस्मानला ह्यांनी दुसरा जन्म दिला." आणि दर वेळी मी ठरवायचे, आज सांगते. डबा रिकामा करून परत द्यायला जायचे तेव्हा सांगू. मग तिच्या घरी पाहुणे असायचे, कधी तिचे गुडघे दुखत असायचे, कधी माझे. एकदा सांगायला सुरुवातही केली. म्हटलं, "हलीमा, त्या दिवशी ती गोळी..." ती म्हणाली, "जाऊ द्या वैनी, आता कशाला ते? पोटात कळ उठतीया आठवलं की." मी गप्प बसले. मला गप्प बसायला निमित्तच पाहिजे असायचं.

गेल्या पावसाळ्यात हलीमा गेली. मी मयतीला गेले, बायकांत बसले. तिच्या सुनेनं माझा हात धरून सगळ्यांना तीच गोष्ट सांगितली, अण्णांनी बोळात सांगितली होती तशी, शब्दन् शब्द.

यंदा ईदच्या सकाळी मला वाटलं, आता डबा यायचा नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नऊच्या सुमाराला दारात उस्मान उभा. पन्नाशीचा झालाय, दाढी पांढरी, गाद्यांचं स्वतःचं दुकान आहे. हातात तोच स्टीलचा डबा, झाकणावर हलीमाचं नाव कोरलेला.

"आईनं जाताना सांगितलंय काकू," तो म्हणाला. "निला वैनींचा डबा बंद करायचा न्हाई. मी असेपर्यंत मी आणणार, मागनं पोरं आणतील."

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. तोंड उघडून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याचे ओठ दिसले, त्या दिवशी मधानं माखले होते ते. तो म्हणाला, "बोला की काकू."

"काही नाही," मी म्हटलं. "डबा मोकळा करून देते, थांब."

आत जाऊन शीरखुर्मा पातेल्यात ओतला. डबा धुतला, पुसला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. मी त्यात दोन मुठी साखर घातली, झाकण लावलं, आणि त्याच्या हातात दिला.